बाळ कशाने गेले?

(महिला मंडळाच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्धापनदिनासारख्या आनंदाच्या दिवशी बालमृत्यूचा विषय कशाला, असे कोणाच्या मनात आले असेल तर त्यात नवल नाही. आपल्या चिटणीसबाईंनीही मला तसे विचारले. मी त्यांना म्हटले, सासवा आणि सुना एकाच सतरंजीवर बसल्या आहेत असा दिवस वर्षातून एकदाच येतो. आणि हा विषय सासूने एकटीने किंवा सुनेने एकटीने ऐकून भागणारा नाही. तो दोघींनी एकदम ऐकला पाहिजे.

मी डॉक्टर नव्हे. आरोग्य खात्यात परिचारिका म्हणून या जिल्ह्यात नोकरी केली. तुमसर, मोहाडी, साकोली, लाखांदूर, जिथे बदली झाली तिथे राहिले. पुस्तकी ज्ञान थोडे, पण ओटीवर बसून ऐकलेले पुष्कळ. त्या जोरावर चार गोष्टी सांगते.

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. आपल्याकडे तान्ही बाळे जातात ती बहुतांशी ओळखीच्या कारणांनी: दिवस भरण्याआधी जन्म, कमी वजन, जन्मताना श्वास कोंडणे, जंतुदोष, न्यूमोनिया. ही कारणे टाळता येतात. आपल्या शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत गावच्याच बायकांना शिकवून घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली. तिसऱ्या वर्षी तिथले नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. १९९९ साली ते संशोधन प्रसिद्ध झाले. आज आशाताई आपल्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी येते, बाळाचे वजन करते, अंग तापले का निवले ते पाहते. त्या पद्धतीच्या मुळाशी हेच काम आहे. तेव्हा मी पुढे जे सांगणार आहे त्यामुळे ऊब, अंगावरचे दूध, स्वच्छता आणि लसी यांचे महत्त्व तिळभरही कमी होत नाही.

परंतु या सगळ्या कारणांची चाळणी लावली तरी वर काही उरते. बाळ दिवस भरून जन्मलेले असते. वजन चांगले, रडणे खणखणीत, आईला दूध भरपूर. दोन-तीन दिवस सारे घर आनंदात असते. मग बाळ दूध ओढीनासे होते, सुस्तावते, ओकते, भरभर श्वास घेऊ लागते, झटके येतात आणि पाचवीच्या सुमारास ते जाते. लोक म्हणतात, सटवाईने एवढेच लिहिले होते. पहिल्या वेळी आपण मन घट्ट करतो. पण त्याच घरात दुसरे बाळही त्याच रीतीने जाते, क्वचित तिसरेही. मग सटवाईचे नाव मागे पडते आणि सुनेचे पुढे येते.

अशा एका घरी मी गेले होते. गावाचे नाव सांगत नाही. दोन बाळे गेली होती, दोन्ही आठवड्याच्या आत. सासू वाईट नव्हती; रडून रडून तिचे डोळे सुजले होते. पण बोलणे एकच: "हिचा पायच पांढरा. हिच्या दुधातच काही आहे." सून कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून बसलेली. तिचे दूध अजून आटले नव्हते, लुगड्याचा पदर भिजलेला होता. मुलाचे दुसरे लग्न करावे असे घरात घाटत होते. ती सून मुलाच्या सख्ख्या मामाची मुलगी होती, ही गोष्ट मात्र कोणी बोलत नव्हते. त्या घराला हवे होते एका प्रश्नाचे उत्तर, बाळ कशाने गेले? आणि तो प्रश्नच कोणी विचारला नव्हता.

भगिनींनो, त्या प्रश्नाला एक उत्तर असू शकते. ते आज शास्त्राला ठाऊक आहे. त्याला चयापचयाचे जन्मजात आजार म्हणतात. शब्द जड आहे, अर्थ सोपा आहे.

आपण जे खातो-पितो त्याचे शरीर तुकडे करते. हवे ते ठेवते, नको ते बाहेर टाकते. या प्रत्येक कामाला शरीरात एकेक कामकरी नेमलेला असतो. त्याला विकर म्हणतात. एखाद्या बाळात असा एकच कामकरी जन्मापासून गैरहजर असतो. मग त्याच्या वाट्याचे काम तुंबते. अर्धवट तुटलेला पदार्थ रक्तात साठतो आणि विषासारखा मेंदूवर चढतो. पोटात असताना बाळाला काही होत नाही, कारण त्याचे रक्त वारेमार्फत आईचे शरीर साफ करीत असते. नाळ कापली, बाळ दूध पिऊ लागले, की दोन-चार दिवसांत साठा वाढतो. म्हणजे पहा, ज्या आईला आपण दोष देतो, तिनेच नऊ महिने त्या बाळाला सांभाळलेले असते! दूधही विषारी नसते. दूध चांगलेच असते. बाळाला ते पचवून पुढे नेता येत नाही, एवढेच. म्हणून ऐकीव माहितीवर कोणीही बाळाचे दूध तोडू नये. ते काम डॉक्टरांच्या सांगण्यावरूनच व्हावे.

हे ज्ञान आले कुठून? लंडनचे डॉ. आर्चिबाल्ड गॅरॉड यांनी १९०२ साली एका विचित्र आजाराविषयी लिहिले. त्यात मुलाची लघवी हवेत राहिली की काळी पडे. त्यांच्या ध्यानात आले की असली मुले एकाच घरात भावाबहिणींत आढळतात, आणि पुष्कळदा त्यांचे आईबाप सख्ख्या चुलत-मामे नात्यातले असतात. १९०८ साली त्यांनी अशा आजारांवर व्याख्याने दिली आणि या साऱ्या वर्गाला नाव मिळाले.

आईबापांच्या नात्याचा संबंध कसा, ते दिव्याच्या उदाहरणाने सांगते. समजा, प्रत्येक कामासाठी माणसाला दोन कंदील मिळतात, एक आईकडून, एक बापाकडून. एक विझलेला असला तरी दुसऱ्याच्या उजेडात काम चालते. त्या माणसाला जन्मभर पत्ताही लागत नाही. अशा माणसाला वाहक म्हणतात. आता नवरा-बायको दोघांकडेही एकेक कंदील विझलेला असेल, आणि बाळाला नेमके दोन्ही विझलेले मिळाले, तर मात्र अंधार होतो. अशा जोडप्याच्या प्रत्येक गर्भारपणात हे घडण्याचा संभव चारात एक असतो. एक बाळ गेले म्हणून पुढची तीन सुखरूप, असा हा हिशेब नव्हे; दर खेपेस फासा नव्याने पडतो. एकाच आजोबांचा विझलेला कंदील मुलाकडून नातवाकडे आणि मुलीकडून नातीकडे येतो. मामे-आते भावंडांचे लग्न झाले की ते दोन कंदील पुन्हा एका घरात येतात. म्हणून सख्ख्या नात्यातल्या लग्नात गंभीर जन्मदोषाचा धोका साधारण दुप्पट होतो. नात्यातले प्रत्येक लग्न वाईट असे मी म्हणत नाही. बहुतेकांची मुले निरोगीच असतात. पण सोयरीक जुळवताना जमिनीचा आणि मानपानाचा विचार होतो, तसा याचाही व्हावा. आणि नीट लक्षात घ्या: विझलेला कंदील आईकडूनही आला आणि बापाकडूनही. दोष लावायचाच तर अर्धा-अर्धा लावा. खरे म्हणजे लावूच नका. हे कोणी ठरवून केलेले नसते.

ही कंदिलांची गोष्ट आपल्या जिल्ह्याला अगदी नवी नाही. सिकलसेल आपल्याला माहीत आहे. तो रक्ताचा आजार, पण वारशाचा नियम हाच. नागपूरच्या शुक्ला व सोलंकी या डॉक्टरांनी १९५८ साली मध्य भारतातील सिकलसेलविषयी लिहिले, तेव्हापासून विदर्भात तो ठाऊक आहे. भंडारा, गोंदिया, नागपूर, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात त्याचे वाहक पुष्कळ आहेत. लहान मुलात तो कधी कधी फार फसवा असतो. मुलाच्या पाणथरीत एकाएकी रक्त अडकते, पोटाची डावी बाजू फुगते, मूल पांढरेफटक पडते आणि काही तासांत हातचे जाते. आजार ठाऊक नसेल तर लोक म्हणणार, नजर लागली! ठाऊक असेल तर आई रोज पोटावर हात फिरवून पाणथरी चाचपते आणि वाढलेली दिसताच मुलाला घेऊन दवाखाना गाठते. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. २०४७ पर्यंत हा आजार हटवावयाचा असे तिचे उद्दिष्ट आहे. रक्ततपासणी हा तिचा कणा आहे.

दुसरा असाच आजार जी-सिक्स-पीडी या विकराच्या कमतरतेचा. हा बहुधा मुलग्यांत दिसतो. एरवी मूल ठणठणीत असते, पण काही गोष्टींचा स्पर्श होताच त्याच्या तांबड्या पेशी फुटतात, कावीळ चढते. त्यातली एक गोष्ट आपल्या प्रत्येकीच्या पेटीत आहे: डांबराच्या गोळ्या! जुनी दुपटी, आजीच्या लुगड्याची गोधडी पेटीतून काढून आपण थेट बाळाच्या अंगावर घालतो. बाळाच्या कपड्यांत या गोळ्या मुळीच ठेवू नका. कडुनिंबाचा पाला घाला. हिवतापाची काही औषधेही अशा मुलाला चालत नाहीत. तेव्हा एका मुलाला अशी कावीळ झाली असेल, तर धाकट्याच्या वेळी डॉक्टरांना ते न विसरता सांगावे.

तिसरी गोष्ट वासाची. एका आजारात बाळाच्या लघवीला व कानातल्या मळाला पाकासारखा गोड वास येतो. अमेरिकेत मेपल नावाच्या झाडाचा पाक करतात, त्यावरून त्या आजाराचे नाव पडले. गंमत अशी की तो वास ज्या द्रव्याचा, ते आपल्या मेथीतही असते. बाळंतिणीने मेथीचे लाडू खाल्ले तरी बाळाला तसा वास येऊ शकतो, आणि डॉक्टरही त्याने फसलेले आहेत. म्हणून नुसत्या वासाने घाबरू नये. पण वास येतो आहे आणि बाळ सुस्त आहे, दूध ओढत नाही, अशा दोन्ही गोष्टी एकत्र आल्या तर क्षणाचाही उशीर करू नये.

आणखी एक प्रकार थोड्या मोठ्या मुलांचा. त्यांच्या शरीराला उपाशीपणी चरबीपासून शक्ती काढता येत नाही. ताप येतो, मूल जेवत नाही, रात्रभर उपाशी झोपते आणि सकाळी उठतच नाही. युरोपात हा प्रकार अधिक आढळतो. १९८२ साली त्याची नीट ओळख पटली. आपण त्यातून एवढे घ्यावे की, "तापात लंघन बरे" हा नियम लहान मुलांना लावू नये. पेज, भाताचे पाणी, दूध थोडे थोडे देत राहावे.

आता दोन आयांच्या गोष्टी सांगते. पहिली नॉर्वे देशातली, बोर्ग्नी एगेलंड नावाच्या बाईची. तिची दोन मुले, एक मुलगी व एक मुलगा, जन्मताना चांगली. पण पुढे दोघांचीही बुद्धी वाढेना, आणि दोघांच्या अंगाला एक चमत्कारिक वास येई. ती वर्षानुवर्षे डॉक्टरांचे उंबरे झिजवीत राहिली. तिचा प्रश्न एकच, असे का? शेवटी १९३४ साली डॉ. आस्ब्यर्न फॉलिंग यांनी तिच्या मुलांची लघवी तपासली. एक औषध घालताच ती हिरवी झाली. त्यातून फेनिलकीटोनुरिया हा आजार सापडला. त्या दोन मुलांना उशीर झाला होता. पण पुढे खास आहार निघाला, आणि १९६० नंतरच्या काही वर्षांत अमेरिकेतील रॉबर्ट गथ्री यांनी बाळाच्या टाचेतील रक्ताचे थेंब कागदावर टिपून तपासण्याची युक्ती काढली. आज जगभर कोट्यवधी बाळांच्या टाचेला जी सुई टोचतात, तिच्या मुळाशी एका बाईने न सोडलेला प्रश्न आहे.

दुसरी गोष्ट अमेरिकेतल्या मिसुरी राज्यातली. १९८९ साली पॅट्रिशिया स्टॉलिंग्ज या बाईचे तीन महिन्यांचे बाळ ओकू लागले, धापा टाकू लागले. रक्त तपासणाऱ्यांनी सांगितले, यात मोटारीत घालण्याचे विषारी द्रव्य आहे. बाळ काही आठवड्यांनी दगावले आणि आईवर खुनाचा आरोप ठेवण्यात आला. तुरुंगात असताना, १९९० साली, तिला दुसरे बाळ झाले. ते जन्मताच तिच्यापासून दूर ठेवले होते. तरीही त्यालाही तशीच लक्षणे झाली! तपासणीत त्याला चयापचयाचा जन्मजात आजार निघाला. असे असूनही जानेवारी १९९१ मध्ये आईला जन्मठेप झाली. पुढे काही शास्त्रज्ञांनी पहिल्या बाळाचे जपून ठेवलेले रक्त पुन्हा तपासले. त्यात विष नव्हतेच. शरीरातच साठलेल्या आम्लाला प्रयोगशाळेने विष समजले होते. त्याच वर्षी ती सुटली आणि सप्टेंबरमध्ये आरोप मागे घेण्यात आला. तिथे न्यायालयाने दोष लावला, इथे आपण ओसरीवर बसून लावतो. तिला सोडवणारे जपून ठेवलेले रक्त तरी होते. आपल्या सुनेसाठी आपण काय जपून ठेवतो?

९ जानेवारी २०२१ च्या रात्री आपल्या भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात आग लागून १० नवजात बाळे गेली, तेव्हा सारा महाराष्ट्र हळहळला आणि कशाने झाले हे सर्वांनी विचारले. ते योग्यच होते. पण खेड्यातल्या घरात एकटे गेलेले बाळही तितकेच मोलाचे. त्याच्यासाठीही कोणी विचारले पाहिजे.

ते कसे विचारावे, आता तेवढे सांगते.

पहिले: बाळ दूध ओढीनासे झाले, सुस्त पडले, भरभर श्वास घेऊ लागले, झटके आले, तर डागणे नको, उतारा नको, तडक दवाखाना. आणि घरात आधी एखादे बाळ असेच गेले असेल, आईबाप नात्यातले असतील, तर न विचारताही डॉक्टरांना आधी ते सांगा. हा आजार जंतुदोषासारखाच दिसतो; तुमच्या एका वाक्याने डॉक्टरांचे लक्ष योग्य दिशेला वळते. मग ते रक्तातली साखर, आम्ल, अमोनिया पाहतील, मोठ्या प्रयोगशाळेकडे रक्त-लघवी धाडतील.

दुसरे: बाळ वाचत नाही असे दिसले, तर मन दगडाचे करून एक मागणी करा. कागदावर रक्ताचे थेंब टिपून ठेवा, लघवी गोठवून ठेवा, असे डॉक्टरांना सांगा. त्या वेळी हे बोलणे किती कठीण आहे ते मी जाणते. म्हणूनच ते आईने बोलू नये. मावशीने, आत्याने, शेजारणीने बोलावे.

तिसरे: बालमृत्यूनंतर परिचारिका व आशाताई चौकशीला येतात. त्यांना सरकारी ससेमिरा समजू नका. आजार केव्हा सुरू झाला, काय पाजले, आधीची बाळे कशी गेली, सगळे खरे सांगा.

चौथे: कारण सापडले तर पुढचे गर्भारपण आंधळेपणाने जात नाही. पोटातल्या बाळाचीही तपासणी होऊ शकते. गर्भलिंग तपासणीला बंदी घालणाऱ्या १९९४ च्या कायद्याने चयापचयाच्या आनुवंशिक आजारांच्या निदानाला मात्र परवानगी दिलेली आहे. आणि बाळ जन्मल्याबरोबर तयारी ठेवता येते. काही आजारांत खास दूध, काहींत एखादे जीवनसत्त्व, काहींत रोजची एक गोळी, एवढ्यावर मूल वाढते. सगळ्या आजारांना उपाय नाही, हेही खरे. पण नाव कळले तरी आईच्या मानेवरचे ओझे उतरते.

सोयी अपुऱ्या आहेत. गोवा सरकारने २००८ साली सरकारी इस्पितळांत जन्मणाऱ्या बाळांच्या अशा तपासणीचा कार्यक्रम सुरू केला होता. आपल्याकडे प्रत्येक बाळाची अशी तपासणी होत नाही. ती मागणे हे आपले काम. २०२१ च्या दुर्मीळ आजार धोरणाखाली मुंबईचे के. ई. एम. रुग्णालय एक केंद्र आहे, आणि त्या धोरणातील आजारांच्या उपचाराला एका रुग्णामागे ५० लाख रुपयांपर्यंत मदतीची सोय २०२२ पासून आहे. दूरचे आहे, पण दार आहे. दार ठाऊक असले तरच ठोठावता येते.

शेवटी मंडळाकडे एक मागणे. करणी केली, चेटूक केले असे म्हणून बाईला छळणे हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. पण कायदा पोलीस ठाण्यात असतो आणि टोमणा स्वयंपाकघरात. तिथे पोचाल त्या तुम्हीच. ज्या घरी बाळ गेले तिथे मंडळाच्या दोघींनी तिसऱ्या दिवशी जावे. सांत्वन करावेच, पण सासूला शांतपणे विचारावे, "बाळ कशाने गेले, डॉक्टरांनी काय सांगितले?" उत्तर नसेल तर त्या जोडप्याला, दोघांनाही, घेऊन जिल्हा रुग्णालयाची वाट धरावी. मंडळाच्या वहीत हळदीकुंकवाचा, शिवणवर्गाचा हिशेब असतो. त्या वहीत एक पान यासाठी राखावे, इतकेच माझे मागणे आहे.